टोमॅटोचा केसपेपर

टोमॅटोचं रोप चार पानांचं होतं तेव्हाच कंपाउंडरांनी त्याचा केसपेपर काढला. वर तारीख घातली, खाली 'उंची: साडेतीन बोटं', 'रंग: बरा', 'तक्रार: नाही' असं लिहिलं आणि कागद स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवला. त्या खिळ्याला आधीच एक कागद लटकत होता. तो त्यांच्या बायकोचा होता, आणि त्यात तक्रारीपुढे लिहिलं होतं, 'चव नाही'.

ही तक्रार पाच महिने जुनी होती. काकूंना ताप आला, बारा दिवस राहिला, आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. अख्खी बिल्डिंग त्यांना काकू म्हणत असे, तर आपणही तेच म्हणू. काकूंना सगळं पुठ्ठ्यासारखं लागायचं. गोड पुठ्ठा, तिखट पुठ्ठा, गरम पुठ्ठा, एवढाच काय तो फरक. त्यांनी कुरकूर केली नाही, फक्त हळूहळू जेवायचं सोडलं. मनगटावरचं घड्याळ सैल होत होत पार कोपरापर्यंत वर सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, येईल चव, वेळ द्या. कंपाउंडरांनी वेळ दिली, पण ती घड्याळातली दिली. सात वाजता चहा-बिस्किटं, साडेआठला उकडलेलं अंडं, दहाला दूध, साडेअकराला फळ, एकला जेवण, चारला दूध, सहाला सूप, आठला पुन्हा जेवण. प्रत्येक वेळी ते पेन घेऊन समोर उभे राहायचे आणि पेला रिकामा झाला की कागदावर 'घेतले' अशी खूण करायचे.

यात त्यांना दोष देता येणार नाही. एकाच दवाखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला डोसाच्या खाचा पाडायच्या, वर 'हलवून घ्यावे' लिहायचं आणि पेशंटला दोनदा समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर नुसतं लिहितो, बरं करतो तो कंपाउंडर, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. माणसाच्या बहुतेक दुःखांचं कारण एकच, डोस चुकणं, यावर त्यांचा विश्वास होता. आणि हा विश्वास निवृत्तीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर परत करायची पद्धत नसते.

तर एका दुपारी भाजी निवडताना काकूंनी बाजारातला टोमॅटो हातात घेऊन नाकाला लावला आणि खाली ठेवला.

"आमच्या घरामागे व्हायचे टोमॅटो," त्या म्हणाल्या. "तोडला की हाताला वास राहायचा दिवसभर. तसला मिळाला तर खाईन बाई एखादा."

पाच महिन्यांत 'खाईन' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा आपणहून उच्चारला गेला होता. कंपाउंडर उठले आणि तडक नर्सरीत गेले. एका पायात आपली आणि एका पायात बायकोची चप्पल आहे हे त्यांना तिथं पोहोचल्यावर कळलं, पण नर्सरीवाला सभ्य होता, तो काही बोलला नाही. त्याने रोप दिलं, खताची पुडी दिली आणि सांगितलं, "काका, पंधरा दिवसांतून एकदा एक चमचा. टोमॅटोला फार लाड चालत नाहीत."

कंपाउंडरांनी मान डोलावली आणि मनातल्या मनात त्याला नापास केलं. पंधरा दिवसांतून एक चमचा! छत्तीस वर्षांत त्यांनी असा डोस एकाही पेशंटला दिला नव्हता. अशाने खोकला तरी बरा झाला असता का? हा माणूस चांगला आहे, पण माळी आहे, शिकलेला नाही, असं ठरवून त्यांनी घरी येताच खत पाण्यात विरघळवलं, जुन्या बाटलीत भरलं, बाटलीला पट्टी चिकटवून खाचा पाडल्या आणि डोस ठरवला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी घातल्यानंतर, उपाशीपोटी नाही.

रोपाने या उपचाराला जो प्रतिसाद दिला तसा कुठल्याही माणसाने कधी दिला नसेल. पंधरा दिवसांत ते वीतभर झालं, महिन्याभरात कमरेला लागलं. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी. समोरच्या दारात राहणारे मास्तर ते बघायला आले. मास्तरांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि अजूनही बोलताना त्यांचा उजवा हात हवेत फळा शोधत असे.

"कंपाउंडर, तुमचं खत ठीक आहे, पण डबा बघा," मास्तर म्हणाले. "मुळांना हातपाय पसरायला जागा नको? दोन माणसांना एका खुर्चीत बसवल्यासारखं झालंय हे."

कंपाउंडरांना पटलं. डब्यातलं रोप कुंडीत गेलं. तीन आठवड्यांनी कुंडीतलं बादलीत गेलं. मग रंगाच्या मोठ्या डब्यात, आणि शेवटी पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप अर्ध्यावर कापून त्यात. दर वेळी रोप चार दिवस मान टाकायचं, दर वेळी कंपाउंडर अर्धा डोस वाढवायचे, आणि दर वेळी ते आधीपेक्षा दांडगं होऊन उठायचं. पिंप भरायला माती कमी पडली तेव्हा त्यांनी ती पिशव्या-पिशव्यांनी दोन जिने चढवून आणली. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने "काय बांधकाम काढलंय का?" असं विचारलं. कंपाउंडरांनी प्रत्येकाला "नाही, टोमॅटो आहे," असं गंभीरपणे सांगितलं.

अडीच महिन्यांत टोमॅटोने गॅलरीचा कठडा ओलांडला आणि दोरीच्या आधाराने तिसऱ्या मजल्यावर वहिनींच्या गॅलरीत डोकं काढलं. एक गोष्ट मात्र त्याने केली नव्हती. त्याला फळ धरलं नव्हतं. फळ कशाला, फूलही नाही. म्हणजे दोन आली होती, पिवळी, पण ती देठाशी गळून पडली आणि कंपाउंडरांनी ती कागदात गुंडाळून तारीख घालून ठेवली.

"अहो, येईल तेव्हा येईल," काकू म्हणाल्या.

"येईल तेव्हा येईल असं म्हणून कसं चालेल?" कंपाउंडर म्हणाले आणि दहाचं दूध पुढे केलं.

काकूंनी पेला घेतला. "मी गॅलरीत बसून पिते," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे बघत बघत जातं थोडं."

हे कंपाउंडरांना फार आवडलं. गेले काही आठवडे काकू दूध गॅलरीतच घेत होत्या आणि पेला दहा मिनिटांत रिकामा होऊन येत होता. कागदावर सगळीकडे 'घेतले', 'घेतले'. नुसतं रोप बघून एवढा फरक, मग फळ आलं तर काय होईल! वजन मात्र वाढत नव्हतं, घड्याळ कोपराजवळच होतं, पण अंगी लागायला वेळ लागतो हे ते स्वतःच हजारो लोकांना सांगत आले होते. त्याच सुमाराला एक मांजरही रोज सव्वादहाच्या ठोक्याला कठड्यावरून यायला लागलं आणि पिंपाच्या कडेला बसून राहायला लागलं. कंपाउंडरांनी त्याची नोंद 'कीटकांचा बंदोबस्त करते' अशी केली.

फूल टिकत नाही म्हटल्यावर सल्ल्यांना ऊत आला. वहिनी वरून वाकून म्हणाल्या की अंड्याची टरफलं घाला, केळ्याची सालं घाला, उकळलेली चहापूड घाला, मी माझ्या माहेरी असंच करायचे. मास्तर म्हणाले, वहिनींना विज्ञान कळत नाही, याला कॅल्शियम हवं, आणि शिवाय परागीभवन झालेलं नाही. एका सकाळी ते दाढीचा ब्रश घेऊन आले आणि सगळ्या फांद्यांवरून तो अलगद फिरवला. फूल एकही नसल्यामुळे त्यांनी तो पानांवरून फिरवला. कंपाउंडर शेजारी हात बांधून उभे होते. हसू कुणालाच आलं नाही, कारण एव्हाना त्या मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं की हा टोमॅटो कुणासाठी आहे.

कंपाउंडरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंही काही घातलं नाही. पेशंटला एका वेळी एकच उपचार, हा त्यांचा नियम होता. मात्र उपचार देणारे किती आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथंच झाला.

त्याआधी सेक्रेटरी आले. ते पहिल्या मजल्यावर, बरोबर कंपाउंडरांच्या खाली राहत. बिल्डिंगच्या नियमांची वही त्यांच्या काखेत इतकी वर्षं होती की शर्टाला तिथं चौकोनी रंग उतरला होता.

"कंपाउंडर, गॅलरीत जड वस्तू ठेवायची तर कमिटीची परवानगी लागते. अर्ज करा."

"रोपासाठी अर्ज?"

"रोपासाठी फॉर्म नाही," सेक्रेटरींनी वही चाळली. "बांधकामाचा आहे आणि पाळीव प्राण्याचा आहे. ते वाढतंय, म्हणजे बांधकाम नव्हे. प्राण्याचा भरा."

कंपाउंडर कागदपत्रांच्या बाबतीत कधी मागे नव्हते. त्यांनी तीन प्रतींत फॉर्म भरला. प्रकार: टोमॅटो. वय: तीन महिने. चावतो का: नाही. ओरडतो का: नाही. लसीकरण: खत, दिवसातून तीन वेळा, तक्ता सोबत जोडला आहे. वजनाच्या रकान्यापाशी मात्र अडलं. ओलं पिंप वजन करायचं कसं? सेक्रेटरी म्हणाले, वजन नसेल तर मला समक्ष पाहणी करावी लागेल. त्यांनी एकदा पाहणी केली, मग दुसऱ्यांदा केली, आणि तिसऱ्यांदा पाहणी करताना ते पिंपाशी जरा जास्तच वेळ ओणवे राहिले. परवानगी मिळाली. तिच्यावर 'पट्टा बांधून ठेवण्याच्या अटीवर' असं छापील वाक्य होतं, ते खोडायचा अधिकार सेक्रेटरींना नव्हता. कंपाउंडरांनी दोरीचा एक फेरा वाढवला.

परवानगी जेमतेम नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी पिंपाच्या बुडाला भेग गेली आणि तपकिरी, दाट, उग्र वासाचं पाणी खाली सेक्रेटरींच्या गॅलरीत ठिबकलं. खाली त्यांचे पाच पांढरे शर्ट वाळत होते. सेक्रेटरी ते पाचही शर्ट हातावर घेऊन वर आले, एकेक उलगडून दाखवला आणि खाली गेले. संध्याकाळी नोटीस लागली. सात दिवसांत सदर प्राणी मागच्या अंगणात पंपाशेजारी हलवावा.

कंपाउंडरांना ती नोटीस फार लागली. शर्टांबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, ते त्यांनी तीनदा बोलून दाखवलं होतं. पण छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक थेंब सांडला नव्हता, आणि आता त्यांच्या नावाची नोटीस बोर्डावर होती, तीही पाण्याची टाकी धुणार असल्याच्या नोटिशीशेजारी. त्यांनी दोन दिवस जिना उतरायचा टाळला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हलवू या. पण पेशंटला झटका बसता कामा नये."

रविवारी सकाळी चार माणसं जमली. मास्तर, सेक्रेटरी, बिल्डिंगचा प्लंबर आणि स्वतः कंपाउंडर. वहिनी वेल सांभाळायला वरून उतरत आल्या, कारण त्याचा शेंडा अजून त्यांच्या गॅलरीतून सुटायचा होता. काकू वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहिल्या. पिंप दारातून निघालं, सहा पायऱ्या उतरलं आणि जिन्याच्या वळणावर अडकलं. खाली जाईना, वर येईना. प्लंबर खालच्या बाजूला होता. तो म्हणाला की असं पाइपात होतं तेव्हा तो मागून काठी घालतो. कुणी काठी आणली नाही. मास्तरांनी कोन मोजला आणि गणिताने हे पिंप इथून जाऊच शकत नाही असं सिद्ध केलं. सेक्रेटरींनी वर-खाली बघितलं. ते अडकलेल्या पिंपाच्या वरच्या बाजूला होते आणि त्यांचं घर खालच्या बाजूला होतं.

"कापा," ते म्हणाले.

"काय कापा?" कंपाउंडरांचा आवाज चढला. "जिवंत आहे ते!"

"अहो, मला अंघोळ करायची आहे!"

शेवटी प्लंबरने करवत लावली. पिंपाची एक बाजू फाकली आणि सगळी माती भसाभसा जिन्यात ओतली गेली. वेल मुळासकट आडवा झाला, सेक्रेटरींनी कात्री घेऊन तो अर्ध्यात तोडला आणि वरचा भाग वहिनींच्या हातात राहिला. मग सगळे त्या ढिगाकडे बघायला लागले.

मातीत अंड्याची टरफलं होती, दोन-चार नाही, पसा-दोन पसे. केळ्याची सालं होती, काळीभोर चहापूड होती.

"मी आपली वरून टाकायचे थोडी थोडी," वहिनी म्हणाल्या. "दुपारी तुम्ही झोपलात की."

मातीत खडूचे तुकडे होते, पांढरे आणि दोन रंगीत. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कॅल्शियम," ते पुटपुटले. "मला वाटलं, सांगून तुम्ही ऐकणार नाही."

आणि मातीत सात-आठ गंजलेले खिळे होते, नोटीस बोर्डाचे. सेक्रेटरींनी वही या काखेतून त्या काखेत घेतली. "लोहासाठी घालतात असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "काकूंना फळ मिळावं म्हणूनच, दुसरं काय?"

कंपाउंडरांना राग यायला हवा होता, पण त्यांचं लक्ष भलतीकडे होतं. मातीच्या वरच्या अंगाला पांढरट, चिकट थर साकळला होता, त्यातून आंबूस वास येत होता आणि मांजर पुढचे दोन पाय त्यात रोवून चाटत होतं. थरात बिस्किटांचा लगदा होता. पिवळ्या बलकाचे तुकडे होते. छत्तीस वर्षं नाकाने बाटल्या ओळखणाऱ्या माणसाला त्या वासाचं नाव सांगायला कुणाची गरज नव्हती. ते दूध होतं. दहाचं दूध.

त्यांनी वर बघितलं. काकू कठडा धरून उभ्या होत्या आणि त्यांनी नजर खाली वळवली.

कंपाउंडर त्या थराचं ढेकूळ उचलायला वाकले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वाकले ते वाकलेच. कमरेत काहीतरी कडकन वाजलं आणि त्यांना सरळ होता येईना. ज्या चौघांनी पिंप उतरवलं होतं त्यातल्या तिघांनी त्यांना उचलून वर नेलं, आणि ते मात्र वळणावर कुठे अडकले नाहीत.

डॉक्टरांनी मणका सरकल्याचं सांगितलं. तीन आठवडे पलंग, त्यानंतरही अडीच महिने जिन्याला पाय लावायचा नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर घर एकदम मोकळं वाटायला लागलं. काकू पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या.

"किती दिवस?" कंपाउंडरांनी छताकडे बघत विचारलं.

"सकाळचं रोजच," काकू म्हणाल्या. "चारचं कधी कधी प्यायचे."

"आणि अंडं?"

"अर्धं."

"मी खुणा करत होतो, गं. रोज. घेतले, घेतले म्हणून."

"बघत होते ना मी. किती बरं वाटायचं तुम्हाला खूण केली की. मग कसं सांगायचं?"

कंपाउंडरांनी चादरीची कड बोटांनी सरळ केली. मग म्हणाले, "तू संपत चाललीयस असं वाटतं मला. त्या घड्याळाकडे बघवत नाही. भीती वाटते."

"मलाही वाटते," काकू म्हणाल्या. "पण भीतीने दूध घशाखाली उतरत नाही ना हो. एक जिरायच्या आत दुसरं येतं. पेन घेऊन उभे राहता तुम्ही समोर. भूक लागायला जरा तरी जागा ठेवा. गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी विचारलं नाही, भूक लागलीय का म्हणून. तुम्हीसुद्धा."

कंपाउंडरांनी तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण कंबरेने तेवढंही करू दिलं नाही. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी काकूंना दिसलं. त्यांनी ते पुसलं आणि त्या दिवा लावायला उठल्या.

पुढचे दिवस कंपाउंडरांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस होते. दहा वाजायचे आणि काही घडायचं नाही. चार वाजायचे आणि घड्याळ नुसतंच चार दाखवायचं. उशीखाली पेन होतं, ते हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. पहिले दोन दिवस काकूंनी जवळजवळ काहीच खाल्लं नाही आणि कंपाउंडरांनी ओठ घट्ट आवळून धरले. आता घर काकूंनाच चालवायचं होतं. नवऱ्याचं सगळं करायचं, बाजार करायचा, दोन जिने उतरायचे आणि चढायचे. वहिनींनी डबा पाठवू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, राहू दे, माझे हातपाय हलू देत जरा. तिसऱ्या दिवशी साडेचार वाजता स्वयंपाकघरातून पाव भाजल्याचा वास आला आणि मागोमाग उभ्याउभ्या खाल्ल्याचा आवाज. साडेचार ही कागदावर कुठलीच वेळ नव्हती. कंपाउंडर श्वास रोखून ऐकत राहिले. हाक मारायची नाही, एवढा एक डोस त्यांनी स्वतः घेतला.

टोमॅटोचं म्हणाल तर त्याची विचारपूस करायला कुणालाच तोंड नव्हतं. झाडलोट करणाऱ्या बाईंनी जिना साफ करताना ते उरलेलं खोड आपल्या चिरलेल्या बादलीत खोचलं होतं, पंपाजवळची साधी माती वर लोटली होती आणि बादली भिंतीशी ठेवली होती. वहिनी लाजेने तिकडे फिरकल्या नाहीत, मास्तरांनी खडू आवरले आणि सेक्रेटरींनी बोर्डावर नवे खिळे ठोकले. आता दुसरं कुणीतरी घालेल असं प्रत्येकाला वाटत होतं, त्यामुळे कुणीच काही घालत नव्हतं. काकू रोज खाली जात, एक मग पाणी घालत आणि वर येत.

"कसं आहे?" कंपाउंडर विचारत.

"आहे."

"पानं किती?"

"मोजली नाहीत."

"आणि उंची?"

"आहे म्हटलं ना."

तीन आठवड्यांनी कंपाउंडर काठी टेकत स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत जायला लागले. तिथून पंप दिसायचा. रोप गुडघ्याएवढं होतं, पानं बारकी, फिकट, आणि अंगावर पिवळे ठिपके. त्यांना गलबलून आलं. मग त्यांनी दुसरा चष्मा लावला आणि ते ठिपके नसून फुलं आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा हात आपोआप कपाटातल्या बाटलीकडे गेला. मागे काकू काहीतरी चिरत होत्या. कंपाउंडरांनी बाटलीची पट्टी नखाने खरवडून काढली, खत मोरीत ओतलं आणि बाटली पालथी घातली.

फुलं टिकली. फळं धरली, हिरवी, सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. खिडकीतून तीन दिसायची. रंग चढायला लागला तसं कंपाउंडरांनी मनात सगळं ठरवून टाकलं. पहिला टोमॅटो बशीत ठेवायचा. चार फोडी करायच्या, मीठ बाजूला. मास्तर, वहिनी, सेक्रेटरी यांना बोलवायचं, माणसं चुकली पण आपली होती. मग काकूंनी पहिली फोड खायची. कुणी काही बोलायचं नाही.

तो दिवस काही असा आला नाही. एका दुपारी, कुठलीच वेळ नसताना, कंपाउंडर खिडकीत उभे होते. खाली काकू मग घेऊन आल्या, पाणी घातलं आणि थबकल्या. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. मग लालमधला लाल टोमॅटो तोडला, हात नाकाशी नेऊन किती तरी वेळ तसाच धरला, टोमॅटो तळहाताने पुसला आणि कचकन चावला. रस मनगटावरून ओघळला, घड्याळापर्यंत गेला. घड्याळ आता कोपरापासून बरंच खाली आलं होतं. काकूंचा चेहरा एकदम आक्रसला, डोळे घट्ट मिटले. कंपाउंडरांना वाटलं, संपलं. काही बिघडलं. सहा महिने, पाच भांडी, एक पिंप, एक मणका, आणि फळ नासकं निघालं.

ते दारात जाऊन उभे राहिले. काकू जिना चढून आल्या, धापा टाकत, हनुवटीला बी चिकटलेलं.

"कसा होता?"

"आंबट!" काकू म्हणाल्या. "इतका आंबट टोमॅटो मी जन्मात खाल्ला नाही. दात आंबले माझे."

कंपाउंडरांचा चेहरा पडला. "ती पंपाजवळची माती," ते म्हणाले. "तिच्यात कस नाही. तरी मला वाटलंच होतं, शेवटी निदान एक चमचा..."

आणि ते थांबले. काठी हातातून सुटून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

"काय म्हणालीस?"

"आंबट म्हणाले."

"परत म्हण."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनाही कळलं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, एकदा, दोनदा, जणू कुणी परत काढून तर घेत नाही ना हे बघत होत्या.

"आंबट, हो," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी आंबट."

कंपाउंडर दाराला धरून रडले. अगदी आवाज काढून रडले. समोरच्या दाराची फट थोडी उघडली आणि लगेच मिटली. मग त्यांनी नाक पुसलं, भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात गेले आणि खिळ्यावरचे दोन्ही कागद काढले. टोमॅटोचा त्यांनी घडी करून खिशात घातला. काकूंच्या कागदावर 'चव नाही' यावर रेघ मारली आणि पुढे आपल्या दवाखान्यातल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तक्रार: फार आंबट'.

दाखवायला म्हणून ते वळले, तर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. फडताळातली मिठाची वाटी घेऊन काकू जिना उतरत होत्या. खाली अजून दोन शिल्लक होते.